‘सुई से छुट्टी’: इंदूरमधील एका प्रत्यारोपण सल्ला-विभागाचा अनुभव

रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण धाकट्या भावाची फाइल अजून तिथेच उघडी आहे आणि पुढची तारीखही हातात आहे. इंदूरमधले एक मोठे खासगी रुग्णालय, एवढ्यावर वाचकांनी भागवून घ्यावे. भावाला नवे स्वादुपिंड, म्हणजे इन्सुलिन बनवणारी ग्रंथी, बसवून सुई सुटू शकेल का हे विचारायला तिथल्या प्रत्यारोपण सल्ला-ओपीडीत आम्ही दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेस जवळजवळ अख्खा दिवस गेला, दुसऱ्या खेपेस दोन तास. शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे, तेव्हा हे परीक्षण डॉक्टरांच्या हाताचे नाही. त्यांनी दिलेल्या सल्ल्याचे आणि त्या सल्ल्यापर्यंत रुग्णाला पोहोचवणाऱ्या व्यवस्थेचे आहे.

भाऊ 41 वर्षांचा आहे. बाराव्या वर्षी त्याला मधुमेह झाला, आणि त्या काळच्या कागदांवर ‘इन्सुलिन-डिपेंडंट’ असे लिहिलेले आहे. आता त्यालाच टाइप 1 म्हणतात. रामबागेतल्या आमच्या घरी फ्रिजच्या दारात इन्सुलिनची कुपी आणि तिच्या शेजारी लाल टोपणाच्या 40 युनिटच्या सिरिंज, हे दृश्य मी लग्न होऊन सासरी जाईपर्यंत रोज पाहिले. एकोणतीस वर्षांत त्याने एकही दिवस सुई चुकवली नाही, तरीही दोन्ही डोळ्यांवर लेझर झाले आणि आता मूत्रपिंडे थकत आली आहेत. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे थकली की रक्तात साचणारे द्रव्य, 4.1; गाळण्याची क्षमता 17.

आम्हाला तिथे जायला लावले ते मात्र क्रिएटिनिनने नव्हे. मागच्या हिवाळ्यात एका रात्री भावजयीला दाराबाहेर खुडबुड ऐकू आली. दार उघडून पाहते तर भाऊ स्कूटरची किल्ली घराच्या कुलपात घालून शांतपणे फिरवत उभा. घाम नाही, थरथर नाही, ‘मी ठीक आहे’ असे म्हणतोय, आणि मीटरवर साखर 38. पूर्वी साखर उतरू लागली की हात कापायचे, तो स्वतःच खिशातली ग्लुकोजची पुडी काढायचा. आता शरीराने सूचना देणेच सोडले आहे. शिवाय मूत्रपिंडे थकली की टोचलेले इन्सुलिन शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, त्यामुळे कालपर्यंत बरोबर असलेला डोस आज जास्त ठरतो. ही गोष्ट आम्हाला या ओपीडीतच कळली. आम्ही इतके दिवस त्याच्या जेवणाच्या वेळांना दोष देत होतो.

पहिल्या भेटीची वेळ साडेदहाची होती आणि डॉक्टरांनी आत बोलावले तेव्हा दोन वाजायला दहा मिनिटे होती. खासगी रुग्णालयात थांबावे लागते याचे नवल नाही. पण ज्या विभागात येणारा निम्मा रुग्णवर्ग इन्सुलिनवर आहे, तिथे जेवणाची वेळ टळणे ही निव्वळ गैरसोय नसते. खालच्या उपाहारगृहात त्या वेळी पोहे संपलेले आणि जलेबी उरलेली. इंदूरकर म्हणून मला जलेबीबद्दल तक्रार नाही, पण मधुमेहाच्या ओपीडीखाली दुपारी एक वाजता एवढाच पदार्थ मिळावा हे जरा अतीच झाले. भावजयीने घरून पोळी-भाजीचा डबा आणला होता म्हणून निभावले.

दरम्यान एका समुपदेशक बाईंनी आम्हाला वेगळ्या खोलीत नेले आणि गुळगुळीत कागदावरची हिंदी पुस्तिका हाती ठेवली. मुखपृष्ठावर हसरे कुटुंब, आणि त्याखाली ठळक अक्षरांत ‘सुई से हमेशा के लिए छुट्टी’. आतल्या चित्रात जुने स्वादुपिंड बाणाने बाहेर जाताना आणि नवे त्याच जागी बसताना दाखवले होते, जसा काही मिक्सरचा जार बदलायचा आहे. बाई मनमिळाऊ होत्या, आईशी मोडक्या मराठीत दोन शब्दही बोलल्या. परंतु त्यांनी सांगितलेल्या तीन मुख्य गोष्टींपैकी दोन चुकीच्या होत्या, हे तासाभराने डॉक्टरांसमोर बसल्यावर उघड झाले. त्या दोन्हींबद्दल पुढे येईलच.

तिसरी चूक प्रयोगशाळेची. टाइप 1 आहे की नाही याची खात्री करण्यासाठी सी-पेप्टाइड नावाची तपासणी करतात. शरीर स्वतः इन्सुलिन बनवते तेव्हा प्रत्येक कणाबरोबर सी-पेप्टाइडचाही एक कण सुटतो. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. म्हणून रक्तात सी-पेप्टाइड नसेल तर स्वतःच्या स्वादुपिंडाने इन्सुलिन बनवणे थांबवले आहे असे समजतात. पण हा आकडा त्याच वेळच्या रक्तशर्करेशी जोडून वाचावा लागतो, आणि मूत्रपिंड अधू असेल तर तो फुगलेलाही दिसू शकतो. आमच्या नमुन्याबरोबर साखर मोजलीच गेली नव्हती. डॉक्टरांनी अहवाल पाहिला, बाजूला ठेवला आणि पुन्हा नमुना द्यायला सांगितले. दुसऱ्यांदा पैसे घेऊ नयेत असे त्यांनी चिठ्ठीवर लिहिले, तरी काउंटरवर ते घेतलेच गेले. परत मिळायला दुसरी भेट उजाडली.

येथवर वाचून कोणी म्हणेल की मग तिथे कशाला जायचे. त्याचे उत्तर म्हणजे ते डॉक्टर. त्यांनी आम्हाला पन्नास मिनिटे दिली, आणि मी आजवर पाहिलेल्या वैद्यकीय सल्ल्यांत इतका सरळ सल्ला दुसरा नाही. समोर पडलेल्या सोनोग्राफीच्या पाकिटाच्या पाठीवर त्यांनी पोटाचे चित्र काढले आणि पहिल्याच वाक्यात पुस्तिकेतला बाण खोडून काढला. बाईंची पहिली चूक इथेच निघाली: जुने स्वादुपिंड काढत नाहीत. ते इन्सुलिन बनवत नसले तरी अन्न पचवणारा रस बनवतेच, आणि त्याला हात लावणे जोखमीचे. नवे स्वादुपिंड ओटीपोटात उजव्या बाजूला बसवतात, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना जोडतात, आणि दात्याच्या लहान आतड्याचा त्याला चिकटलेला तुकडा रुग्णाच्या आतड्याला शिवतात, म्हणजे नव्या ग्रंथीच्या पाचकरसाला वाट मिळते. बरोबर मूत्रपिंड द्यायचे असेल तर ते डाव्या बाजूला. जुनी मूत्रपिंडेही बहुधा जागेवरच राहतात. भावाने विचारले, ‘म्हणजे दोन स्वादुपिंडे आणि तीन किडन्या?’ डॉक्टर म्हणाले, हो, आणि पट्टा एक भोक सैल. त्या दिवसात तो प्रथमच हसला.

मग त्यांनी जे सांगितले त्यासाठीच मी हे सारे लिहायला घेतले. प्रत्यारोपण झाले की सुई सुटते हे खरे. चांगल्या केंद्रांत मूत्रपिंडाबरोबर बसवलेली दहापैकी जवळपास नऊ स्वादुपिंडे वर्षअखेरीस काम करत असतात आणि पुष्कळ जणांत ती दहा वर्षांहून अधिक टिकतात. पण परका अवयव शरीराने फेकून देऊ नये म्हणून टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेटसारख्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, त्याही घड्याळ लावून बारा-बारा तासांनी. त्या गोळ्यांनी संसर्गाची भीती वाढते, काही कर्करोगांची शक्यता वाढते, हात थरथरतात, आणि गंमत अशी की टॅक्रोलिमस स्वतःच मूत्रपिंडाला आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना थोडा त्रास देते. चकोतरा खायचा नाही, कारण त्याने रक्तातील औषधाचे प्रमाण वाढू शकते. ज्याची मूत्रपिंडे ठणठणीत आहेत आणि साखर बऱ्यापैकी आटोक्यात आहे, त्याने सुई सोडण्यासाठी या गोळ्या पत्करणे हा बहुतेक वेळा तोट्याचा व्यवहार आहे, असे ते स्पष्ट म्हणाले. भावाचा हिशेब वेगळा पडतो, कारण त्याला मूत्रपिंड लागणारच आहे आणि मूत्रपिंडासाठी या गोळ्या घ्याव्याच लागणार आहेत. मग त्याच गोळ्यांच्या छत्राखाली स्वादुपिंडही सांभाळले जात असेल तर ते का घेऊ नये. शस्त्रक्रियेचा धोका मात्र वेगळा मोजायचा: स्वादुपिंड नाजूक असते, त्याच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन पहिल्याच आठवड्यात ते गमावण्याचे आणि पुन्हा पोट उघडावे लागण्याचे प्रसंग दुर्मीळ नाहीत.

हा उपाय नवा नाही, हेही त्यांच्याकडूनच कळले. मिनेसोटा विद्यापीठात विल्यम केली आणि रिचर्ड लिलेहाय यांनी 17 डिसेंबर 1966 रोजी 28 वर्षांच्या एका स्त्रीला मूत्रपिंड आणि स्वादुपिंड एकत्र बसवले होते. तिचे इन्सुलिन काही दिवस सुटले, पण ती फार काळ जगली नाही, आणि हे प्रत्यारोपण भरवशाचे व्हायला पुढची कितीतरी वर्षे औषधे सुधारण्याची वाट पाहावी लागली.

भावाने घरी बसून बरेच वाचले होते, त्यामुळे त्याचा प्रश्न तयार होता: अख्खे स्वादुपिंड कशाला, नुसत्या पेशी का नाही? इन्सुलिन बनवणारे पेशींचे पुंजके, ज्यांना आयलेट म्हणतात, ते स्वादुपिंडाच्या वजनाच्या जेमतेम एक-दोन टक्के असतात. दात्याच्या स्वादुपिंडातून ते विकरांनी सोडवून घेतात आणि पोटावरून एक बारीक नळी घालून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडतात. पोट फाडावे लागत नाही. कॅनडातील एडमंटनमध्ये जेम्स शापिरो यांच्या गटाने 2000 साली अशा सात रुग्णांचे इन्सुलिन पूर्ण सुटल्याचे प्रसिद्ध केले तेव्हा जगभर खळबळ उडाली. परंतु सातही जणांना एकाहून अधिक दात्यांच्या पेशी लागल्या होत्या. पुढे हीच पद्धत अनेक केंद्रांत 36 जणांवर करून पाहिली, त्याचे निष्कर्ष 2006 मध्ये आले: वर्षभराने 16 जण इन्सुलिनशिवाय होते, आणि त्या सोळांतले दुसऱ्या वर्षअखेर टिकले ते पाच. डॉक्टरांनी हे आकडे सांगितले आणि लगेच जोडले की यावरून ही पद्धत फसली असे समजू नका. थोड्याशा पेशी जरी जगल्या तरी साखर एकाएकी कोसळणे थांबते, आणि कुलपात स्कूटरची किल्ली फिरवणाऱ्या माणसाला इन्सुलिन सुटण्यापेक्षा त्याचे मोल जास्त आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2023 मध्ये दात्याच्या आयलेट पेशींच्या उपचाराला मान्यता दिली, तीही वारंवार साखर कोसळणाऱ्या टाइप 1 रुग्णांसाठीच. प्रयोगशाळेत मूलपेशींपासून बनवलेल्या आयलेटचा अहवाल 2025 मध्ये आला. पूर्ण मात्रा मिळालेल्या बारांपैकी दहा जण वर्षाअखेर इन्सुलिनशिवाय होते. त्यांनाही गोळ्या चुकल्या नाहीत. ‘हे आपल्याकडे येईल, पण तुमची किडनी तेवढे थांबणार नाही,’ एवढे बोलून त्यांनी तो विषय मिटवला. त्यांनी सेन्सरबद्दलही विचारले आणि भावाने तो अजून लावलेला नाही हे ऐकून थोडे रागावलेच. साखर उतरताना इशारा देणारे यंत्र दंडावर लावून पाहण्याआधी केवळ त्या कारणासाठी कुणाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेऊ नये, असे त्यांचे मत. त्याच आठवड्यात तो लावला, आणि पहिल्या पंधरवड्यात त्याने रात्री चारदा आरडाओरडा करून घर उठवले.

आता माझी बाजू. भावजयीचा रक्तगट जुळत नाही, आई 72 वर्षांची आणि रक्तदाबाची रुग्ण. उरले मी, आणि माझा गट जुळतो. कायद्यानुसार बहीण ही जवळच्या नातेवाइकांत मोडते, त्यामुळे 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली वेगळी आडकाठी नाही, फक्त नाते सिद्ध करणारी कागदपत्रे आणि समितीपुढची मुलाखत. डॉक्टरांनी दोन वाटा मांडल्या. एक, मेंदूमृत दात्याकडून दोन्ही अवयव एकदम मिळण्यासाठी नाव नोंदवून थांबायचे. दुसरी, माझे एक मूत्रपिंड डायलिसिस लागण्याआधीच द्यायचे आणि स्वादुपिंड नंतर, योग्य दाता मिळेल तेव्हा. पहिलीत एकच शस्त्रक्रिया, आणि दोन्ही अवयव एकाच दात्याचे असल्याने शरीराने ते नाकारायला सुरुवात केली तर आधी क्रिएटिनिन चढून पूर्वसूचना मिळते. नुसत्या स्वादुपिंडाच्या बाबतीत साखर वाढल्याचे कळेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. दुसरीत मूत्रपिंड जिवंत दात्याचे, म्हणून सहसा जास्त टिकाऊ, आणि वाट पाहणे नाही. आपल्या देशात वर्षाला मेंदूमृत दाते मिळतात ते हजाराच्या थोडे वर, आणि त्यांतही स्वादुपिंड घेण्याजोगा, म्हणजे तरुण, सडपातळ, फार दिवस अतिदक्षता विभागात न राहिलेला दाता क्वचितच. डॉक्टरांचा कल दुसऱ्या वाटेकडे होता.

इथे मला या विभागाबद्दल एक गंभीर तक्रार नोंदवायची आहे. दोन भेटींत भावाशी पाच जण बोलले. माझ्याशी, दाती म्हणून, एकटीने, कोणीही बोलले नाही. भाऊ शेजारी बसलेला, आई मागे, आणि मला विचारले गेले, ‘दीदी तो तैयार हैं ना?’ मी तयार आहे, ते निराळे. पण जिला नाही म्हणायचे असेल तिने त्या खोलीत ते कसे म्हणायचे? दुसऱ्या भेटीत मी स्वतःहून डॉक्टरांना दहा मिनिटे एकटीने मागितली, आणि ती त्यांनी लगेच दिली. माझी शस्त्रक्रिया दुर्बिणीची असेल, उरलेले मूत्रपिंड बराचसा भार उचलेल, वर्षातून एकदा लघवीतील प्रथिने आणि रक्तदाब तपासत राहावे लागेल; आणि घरात मधुमेह असल्याने माझी ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी ते करवून घेतील. हे सारे न मागता सांगायला हवे होते.

समुपदेशक बाईंची दुसरी चूक नोंदणीची. स्वादुपिंडाचे प्रत्यारोपण या रुग्णालयात होत नाही. इथे फक्त मूत्रपिंडाचे. स्वादुपिंडासाठी बाहेरच्या केंद्रात नाव घालावे लागेल, आणि ‘मध्यप्रदेशचा पत्ता असेल तर दुसरे राज्य घेत नाही’ असे त्यांनी सांगितले. केंद्र सरकारने अधिवासाची ही अट काढून टाकण्यास राज्यांना 2023 मध्येच सांगितले आहे. हे भावजयीने मोबाइलवर शोधून दाखवले. खरी अडचण पत्त्याची नाही, अंतराची आहे. शक्य तर बाराच तासांच्या आत स्वादुपिंड बसवावे असे पाहतात. मूत्रपिंड त्याहून बराच वेळ बर्फात राहू शकते. चंडीगढच्या पीजीआयमध्ये 2014 पासून हे प्रत्यारोपण होते, दक्षिणेतल्या काही रुग्णालयांतही होते. पण रात्री अकराला फोन आला तर इंदूरहून पहाटेपर्यंत तिथे पोहोचायचे कसे, याचा विचार नाव घालण्यापूर्वी करावा लागतो. या शहराने 2015 पासून कितीतरी ग्रीन कॉरिडॉर केले. चौकाचौकांत वाहने थांबलेली आणि रुग्णवाहिका विमानतळाकडे धावताना आपण पाहिली आहे. इथून अवयव बाहेर पोहोचवण्याची सवय आपल्याला झाली आहे. इथल्या स्वादुपिंडाच्या रुग्णाला मात्र अवयवाच्या मागे स्वतःच धावावे लागते.

किरकोळ बाबी: स्वच्छतागृहे स्वच्छ, लिफ्ट दोनपैकी एक बंद, वाहनतळ महाग. समन्वयक तरुण मात्र उत्तम. त्याने फोनवर दिलेला प्रत्येक शब्द पाळला आणि दुसऱ्या भेटीत आम्हाला ठरल्या वेळी आत सोडले. निघताना डॉक्टरांनी सहीनिशी एक पानभर सारांश दिला, ज्यात दोन्ही वाटा, त्यांचे धोके आणि त्यांचे मत लिहिलेले होते. तो कागद दाखवून आम्ही दुसऱ्या एका मूत्रपिंडतज्ज्ञांचे मत घेतले, आणि तसे करा असे लिहून देणारेही तेच डॉक्टर.

गुण द्यायचेच तर डॉक्टरांना पाचपैकी पाच, समन्वयकाला साडेचार, प्रयोगशाळा आणि काउंटरला दोन, आणि त्या पुस्तिकेला शून्य. टाइप 1 असून मूत्रपिंड अधू होत चाललेल्या, किंवा सेन्सर लावूनही साखर कोसळल्याचे न कळणाऱ्या इंदूरकराने इथे जरूर जावे. डबा बरोबर न्यावा, सी-पेप्टाइडबरोबर त्याच वेळी साखर मोजायला सांगावे, समुपदेशन झाले तरी सगळे प्रश्न डॉक्टरांसाठी राखून ठेवावेत, आणि दाता बरोबर असेल तर त्याने स्वतःसाठी वेगळा वेळ मागावा. टाइप 2 असून इन्सुलिनवर असलेल्यांनी पुस्तिका वाचून धाव घेऊ नये. त्यांच्यापैकी फारच थोड्यांना हा उपाय लागू पडतो.

माझ्या चाचण्यांपैकी सात झाल्या आहेत, चार बाकी आहेत. साखरेची तपासणी पुढच्या मंगळवारी सकाळी आठ वाजता, उपाशीपोटी.